चाकं नणंदेकडे, सांगाडा घरी

लिनेसीला एका जागी बसवत नाही, हे तिच्या आईने ती लहान असतानाच ओळखलं होतं. चर्चमध्ये सगळ्या बायका डोळे मिटून प्रार्थनेत बुडालेल्या असत, तेव्हा ही एक डोळा किलकिला करून दाराकडे बघत राहायची. "हिच्या तळपायाला मुंग्या आहेत," आई म्हणायची. पुढे लग्न झालं, दोन मुलं झाली, महिला मंडळाचा पांढरा ब्लाउज अंगावर आला, मंडळात प्रार्थना चालवायचा मान मिळाला, पण मुंग्या काही गेल्या नाहीत. त्यातून त्या वर्षी सायकलींच्या वाढत्या किमतींनी तिला जे नाचवलं, तसं तर बापजन्मी कुणी नाचवलं नव्हतं.

तिचा नवरा केनासन सालिमा शहराच्या रस्त्यावर कबाझा चालवायचा. सायकलच्या मागच्या कॅरिअरला गादी बांधायची आणि माणूस बसवून बाजारातून तळ्याकडे, तळ्याकडून बाजारात ने-आण करायची. त्यावरच घर चालायचं. लिनेसीही त्याला अशीच भेटली होती, मांडीवर मासळीचं घमेलं घेऊन त्याच्या मागे बसलेली. चढाला तो धापा टाकायला लागला तेव्हा ती उतरून शेजारून चालायला लागली आणि वर पोचेपर्यंत बोलत राहिली. "इतकी बोलणारी बाई आयुष्यभर मागे बसलेली परवडणार नाही, म्हणून घरातच आणून ठेवली," असं केनासन गमतीने सांगायचा. त्यावर लिनेसीचं उत्तर ठरलेलं. "मला कुठे आणलीत? तुम्हीच आलात."

तेही खरंच. आमच्याकडे लग्न झालं की मुलगा मुलीच्या गावी राहायला येतो. घर तिचं, शेत तिचं, मुलं तिच्या माहेरची, आणि मुलांवर शब्द चालतो तो मामांचा. सगळेच पुरुष घरजावई, मग कुणी कुणाला हसायचं? पण घरजावयाचं स्वतःचं म्हणून त्या घरात काय असतं? अंगावरचं ब्लँकेट आणि भिंतीला टेकवलेली सायकल. संसार मोडला तर तो ब्लँकेट कॅरिअरला बांधतो आणि निघतो. लिनेसीच्या मावशीचा नवरा असाच गेला. मावशीला ते कळलं कसं, तर सकाळी झाडू मारताना भिंतीपाशी चाकाची खूण होती आणि चाक नव्हतं.

नोव्हेंबरात सरकारने आमच्या पैशाचा, क्वाचाचा, भाव एका रात्रीत खाली आणला, आणि त्याच आठवड्यात केनासनच्या सायकलचा सांगाडा मोडला. मागे मासेवाली बसली होती. सीटखाली जिथे आधीच दोनदा वेल्डिंग केलं होतं तिथूनच तो काडकन तुटला. बाईला काही झालं नाही, पण उसिपाची सुकी मासळी रस्ताभर पसरली. तिने कमरेवर हात ठेवून केनासनला एकेक मासा वेचायला लावला, आणि वर म्हणाली, "त्या बकरीने खाल्लेले धरून हिशोब कर हं."

वेल्डिंगवाल्याने सांगाडा उलटापालटा करून बघितला आणि खाली ठेवला. "यात आता जोडायला लोखंड राहिलं नाही. नुसतं वेल्डिंगच उरलंय."

मग केनासन बाजारात गेला. त्या काळ्या, भारी, भारतातून जहाजाने येणाऱ्या सायकली दुकानाबाहेर नेहमीसारख्या रांगेने उभ्या होत्या. फळ्यावरचा खडूचा भाव मात्र पुसलेला होता.

"काय भाव?" त्याने विचारलं.

"कुठला पाहिजे? आत्ताचा की दुपारचा?" दुकानदार म्हणाला.

डॉलर महाग झाला, बंदरावर क्वाचाला कुणी विचारेना, त्यामुळे जुना माल विकून त्याच पैशांत नवा येत नाही, हे दुकानदाराचं रडगाणं खोटं नव्हतं. केनासनने मनात हिशोब केला. ऑक्टोबरात केनासनकडे दीड सायकल येईल इतके पैसे साठलेले होते. नाताळपर्यंत त्यांत अर्धीच आली असती, आणि त्याने एक क्वाचाही खर्च केला नव्हता.

घरी येऊन त्याने साठलेले पैसे पुन्हा मोजले. मग म्हणाला, "तियामिकेची आई, ही अख्खी सायकल आपल्यापुढे पळतेय. एकदम धरायला गेलं तर हाती लागायची नाही. एकेक अवयव धरायचा."

"म्हणजे?"

"पैसा ठेवला की नासतो. लोखंड ठेवलं तर फार तर गंजेल. हातात येईल तसं एकेक सामान घेऊन ठेवायचं. आधी रिम, मग हँडल, मग चेन. सांगाडा शेवटी."

लिनेसीला हे पटलं. तिलाही काहीतरी करणारा माणूस आवडायचा. नवऱ्याने एकाची जुनी सायकल भाड्याने घेतली, आणि साठलेल्या पैशांतून, रोजचं भाडं भागवून उरेल त्यातून सामान घ्यायला लागला. पहिल्या रिमा आल्या त्या दिवशी तिने देवाचे आभार मानले आणि विचारलं, "ठेवल्यात कुठे?"

"लॅमेककडे. त्याच्याच टपरीतून घेतल्या, तिथेच राहू दे म्हटलं. घरात पोरं गाडा गाडा खेळतील."

तेही तिला पटलं.

एप्रिलात केनासनची म्हातारी मावशी वारली. मयताला जायचं तर सगळं गाव जातं. लिनेसी डोक्यावर पिठाचं घमेलं घेऊन मंडळाच्या बायकांबरोबर त्याच्या गावी पोचली. तिथे घरची मोठी म्हणजे केनासनची थोरली बहीण, मालिता. उंच, सुकलेली, कमी बोलणारी बाई. लिनेसी तिला जरा वचकूनच असायची. शंभर माणसांची न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, शिजवायची म्हणून मोठं पातेलं आणायला ती मालिताच्या घरात शिरली, आणि सवयीप्रमाणे तिची नजर चारी बाजूंना फिरून वर गेली.

आढ्याला काहीतरी टांगलेलं होतं. कापडात गुंडाळलेलं, गोल. एक नव्हे, दोन. शेजारी एक लांबडं पुडकं, त्यातून हँडलचं टोक बाहेर आलेलं. पण लिनेसीची नजर खिळली ती त्या कापडावर. निळ्या माशांच्या नक्षीचं, कमरेला गुंडाळायचं चितेंजे. तिचंच. नाताळपासून ती ते शोधत होती, आणि त्यावरून तियामिकेला दोनदा ओरडलीही होती.

"काय शोधतेस, लिनेसी?" मागून मालिताचा आवाज आला.

"मोठं पातेलं, वन्सं."

"पातेलं खाली असतं. वर बघून मिळायचं नाही."

"वर काय टांगलंय?"

मालिताने तिच्याकडे सरळ बघितलं. "भावाचं सामान. भावाचं सामान बहिणीकडेच असतं. त्यात काय नवं?"

नवं काहीच नव्हतं. लिनेसीच्या भावाचं शिवणयंत्रही तिच्या आईकडेच ठेवलेलं होतं. पण भावाची गोष्ट वेगळी आणि नवऱ्याची वेगळी, हे पातेलं उचलता उचलता तिला कळलं. त्या दिवशी ती रडली ती मावशीसाठी असं सगळ्यांना वाटलं. बायका म्हणाल्या, सून असावी तर अशी.

परत येताना वाटभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. माझ्या मावशीचा नवरा एका सकाळी गेला. माझा नवरा एकेका चाकाने चालला आहे.

विचारायचं कसं? आमच्याकडे बायको नवऱ्याला असलं तोंडावर विचारत नाही. मामांना सांगायचं, मग मामा त्याच्या मामांना बोलावतात, बैठक बसते. पण तिचे वायसन मामा म्हणजे भांडणाचा वास आला की चपला न घालता निघणारे. त्यांच्याकडे गोष्ट गेली की ती घरी परत यायची नाही. कोंबडी, पाहुणे, दंड, सगळ्या गावाचं जेवण, आणि शेवटी जे जोडलेलं होतं तेही मोडून बसायचं. म्हणून ती गप्प बसली. म्हणजे तोंडाने गप्प. बाकी जिवाची नुसती तडफड.

तिने नवऱ्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. एक दिवस त्याने कणगीचं छप्पर शाकारलं. तिला हायसं वाटलं, जाणारा माणूस कणगी कशाला शाकारेल? दुसऱ्या दिवशी त्याने ब्लँकेट धुवून वाळत टाकलं. ती हातातलं काम टाकून धावली.

"ब्लँकेट कशाला धुतलंत?"

"मळलं होतं."

"इतकं काही मळलं नव्हतं."

"मग परत मळवून ठेवू?" तो हसून म्हणाला. तिला मात्र हसू आलं नाही.

प्रार्थनेतही मन ठरेना. देवाकडे रोजची भाकर मागायला बसायची आणि मनातून टायर निघायचा. शनिवारी बाजारात गेली की मीठ घ्यायच्या आधी लॅमेकच्या टपरीवर भाव ऐकून यायची. चेन वाढली. पायडल वाढलं. भाव वाढला की तिला बरंही वाटायचं, की चला, अजून काही दिवस तरी सायकल पुरी होत नाही. आणि मग स्वतःचीच लाज वाटायची, कारण भाड्याची सायकल हाणून नवऱ्याच्या गालांची हाडं वर आली होती. नवऱ्याची सायकल होऊ नये असं मनात येणारी बाई मंडळात उभी राहून प्रार्थना कशी चालवते, हे तिने देवालाच विचारलं. देवाने काही उत्तर दिलं नाही. पण मे महिना दिला, आणि भुईमूग दिला.

त्या वर्षी शेंगा चांगल्या झाल्या. तिच्या शेतातल्या, तिच्या हाताने फोडलेल्या. एका बुधवारी तिने पोती विकली आणि पैसे पदराला बांधून ती तडक लॅमेककडे गेली.

"सांगाडा दाखव."

"कुणासाठी, ताई?"

"किंमत सांग. वंशावळ नको विचारू."

लॅमेक हसला. "आज घेताय तर घ्या. उद्या माल येतोय, नव्या भावाने. मग हाच सांगाडा तुम्हाला ओळखही दाखवणार नाही." त्याने मागून एक काळा सांगाडा काढला. नळ्यांवर बारीक सोनेरी रेघ होती. "हाच न्या. तुमचे मालक दर शनिवारी येतात, याच्यावरून हात फिरवतात आणि जातात. गिऱ्हाईक आलं की मी याला मागे लपवतो. आता किती दिवस लपवू?"

लिनेसी क्षणभर थांबली. आपण हा नवऱ्याला द्यायला घेतोय की त्याला अडकवायला, हे तिचं तिलाच नीट कळेना. सांगाडा माझ्या घरात असला तर ती चाकं जाऊन जाऊन जातील कुठे? हा विचार आला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा आला की बिचारा नुसता हात फिरवून जातो. दोन्ही विचार पदराच्या एकाच गाठीत होते. तिने गाठ सोडली.

सांगाडा डोक्यावर घेऊन ती गावात शिरली, तेव्हा हापशावर बायकांची गर्दी होती. बायकांना आयतंच सापडलं.

"अगं बाई! लिनेसी, नवऱ्याला डोक्यावर घेतलंस की काय?"

आणि इथे तिची जीभ घसरली. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं ते हसता हसता बाहेर पडलं. "नुसती हाडं आहेत गं. मांस नणंदेकडे ठेवलंय."

बायका खो खो हसल्या. एक मात्र हसली नाही. ती वायसन मामांची शेजारीण होती.

संध्याकाळी केनासन आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबला. सांगाडा चटईशेजारी भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याने हात फिरवला नाही.

"हा कुणाचा?"

"घरचा."

"घरचा म्हणजे कुणाचा?"

"घरात राहतात त्यांचा. तुम्ही राहता ना घरात?"

तो चटईवर बसला. न्सिमा वाढली, त्याने हात धुतला, आणि घास न घेता हात तसाच ताटाच्या कडेला ठेवला. मुलं आपापली वाटी घेऊन आजीकडे सटकली.

"शेंगांचे पैसे?" त्याने विचारलं.

"हो. माझ्या शेंगांचे. तुम्ही माझं चितेंजे घेतलंत, मी तुमचा सांगाडा घेतला. फिटंफाट."

तेव्हा त्याला कळलं की तिला कळलंय. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मी कुठे जाणार नाहीये."

"मग चाकं का गेली?"

"तुला माझ्या बाबांची गोष्ट माहीत आहे."

"माहीत आहे. तुमची आई वारली आणि त्यांना त्यांच्या गावी परत पाठवलं. सगळ्यांनाच पाठवतात. रीत आहे."

"सायकलचं माहीत नाही." त्याने ताट बाजूला सरकवलं. "बाबांची सायकल होती. आई गेल्यावर माझे मामा म्हणाले, ही आमच्या तंबाखूच्या पैशातून आली, ही इथेच राहील. बाबा ब्लँकेट खांद्यावर टाकून चालत गेले. त्याच सायकलवर मी सायकल शिकलो, लिनेसी. मामांनीच शिकवलं. एकदा बाजाराच्या रस्त्याला समोरून बाबा आले. मला अजून नीट थांबवता यायची नाही, मी घंटी वाजवत गेलो. त्यांनी बघितलं, सायकल बघितली, आणि रस्त्याच्या कडेला गवतात उतरून मला वाट दिली."

बाहेर कोंबड्या खुराड्यात शिरायच्या गडबडीत होत्या. लिनेसीने त्यांना आत घालायला उठायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती उठली नाही.

"अख्खी सायकल एकदम आली असती तर मी ती इथेच भिंतीला टेकवली असती," तो म्हणाला. "काही विचारही केला नसता. पण एक रिम हातात घेऊन आलो, आणि ती कुठे ठेवायची असं मनात आलं. विचार करायला वेळ मिळाला, तिथेच घोटाळा झाला."

"म्हणजे मी मेल्यावर काय करायचं, याची तयारी चालली होती तुमची."

"तसं नाही..."

"तसंच! मी इथे जिवंत बसून न्सिमा वाढतेय आणि तुम्ही माझ्या मयतानंतरचं सामान आढ्याला टांगताय!" ती ओरडली, आणि ओरडताना तिच्या लक्षात आलं की इतके दिवस ती भीत होती तो माणूस हा नव्हताच. ती त्याच्या जाण्याला भीत होती, आणि तो तिच्या माणसांनी घालवण्याला. एकाच भिंतीला दोघं दोन बाजूंनी टेकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वायसन मामा आले. काठी, टोपी आणि चेहऱ्यावर बैठकीचं तेज. खुर्ची मागवली, अंगणात मांडायला लावली.

"काय ऐकतोय मी? हाडं इथे आणि मांस तिथे? आमचा भाचजावई सायकल तुकड्यातुकड्याने पळवतो?"

केनासन अंगणाच्या कडेला जमिनीवर बसला. आपला मामा सोबत नसताना जावयाने अशा वेळी तोंड उघडायचं नसतं. तो बसला आणि मातीत बोटाने रेघा ओढत राहिला.

"त्याच्या माणसांना निरोप धाडतो," मामा म्हणाले. "दंड बसेल. आणि सांगाडा आता आपला. शेंगा कुणाच्या? आपल्या जमिनीतल्या. तेव्हा सायकल झाली तरी ती या घराची. हे आजच बोलून ठेवलेलं बरं. क्वाचाचं काही सांगता येत नाही, उद्या सायकलची किंमत जमिनीएवढी होईल."

लिनेसीने केनासनकडे बघितलं. रेघा ओढणारं बोट थांबलं होतं. तिला माहीत होतं, आता ती गप्प राहिली तर सांगाडा तिचा, आणि नवरा कदाचित राहीलही, पण आढ्याकडे बघत राहील. आणि बोलली तर त्याच्या जाण्याची वाट ती स्वतःच्या हाताने झाडून देणार. मंडळात ती बायकांना सांगायची की देवावर भार टाका. टाकायचा म्हणजे किती जड असतो, ते तिला आत्ता कळत होतं.

"मामा, सायकल त्यांची," ती म्हणाली.

"काय?"

"सांगाडाही त्यांचा. मी दिला. मी असले तरी त्यांची, नसले तरी त्यांची. मी मेले आणि तुम्ही त्यांना परत पाठवलंत, तर सायकलवरून पाठवायचं. तुम्ही ऐकलंत ना?"

"शेंगांचे पैसे..."

"शेंगा मी फोडल्या. अंगठ्याची सालं निघाली. तुमचा अंगठा दाखवा."

मामांनी नकळत अंगठा मुठीत घेतला. "अगं वेडे, उद्या याच सायकलवर बसून निघून गेला तर?"

"तर जातील."

"आणि तू?"

"मी शेंगा पेरीन."

मामा बराच वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. त्यांची बैठक बसायच्या आतच उठली होती, आणि त्याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "नुसत्या तोंडच्या शब्दाला आपल्यात किंमत नाही. शब्दामागे कोंबडी लागते. त्याच्या माणसांकडे कोंबडी जाऊ दे, म्हणजे ते साक्षी. आणि मी सांगितलं म्हणून सांगा, नाहीतर म्हणतील वायसनला विचारलंच नाही."

लिनेसीने तांबडी, अंडी देणारी कोंबडी धरली. मामा म्हणाले, ती म्हातारी दे की. तिने ऐकलं नाही. केनासन कोंबडी बगलेत घेऊन बहिणीच्या गावी गेला आणि दुपारी तसाच रिकाम्या हाताने परत आला.

"चाकं?"

"ताई म्हणाली, कोंबडी ठीक आहे. पण शब्दाचंही क्वाचासारखंच असतं, आज एक, उद्या अर्धा. म्हणते, लिनेसीच्या तोंडून ऐकेन."

तीन दिवस लिनेसीने अंगण इतकं झाडलं की माती उघडी पडली. रविवारी उपासना संपवून ती घरी येते तो मालिता वाटेवर. डोक्यावर एकावर एक दोन रिमा, त्यांच्या मधोमध हँडल, हातात चेनचं पुडकं. उन्हात चालत आली होती, पण पाणी मागितलं नाही. अंगणातच उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

लिनेसीने सगळं पुन्हा सांगितलं, अंगठ्याचं वगळून.

"माझ्या भावाला तुझ्या लोकांनी पायी पाठवलं तर?"

"तर वन्सं, तुम्ही येऊन माझ्या कबरीवर ओरडा. मी ऐकीन."

मालिताच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असावं, तिची सवय मोडलेली होती. तिने डोक्यावरचं ओझं उतरवलं. "बाबा निघाले तेव्हा मी त्यांच्यामागे तळ्यापर्यंत पळत गेले होते," ती हळूच म्हणाली. "हा लहान होता, हा घरी झोपला होता. पाणी दे."

मग केनासनने जोडणी केली. अंगणात पोतं पसरून एकेक नट. जुन्या सायकलचा चिमटा, पायडलं आणि कॅरिअर बसलं, हँडल बसलं, चाकं बसली. मालिता आणि लिनेसी दाराशी बसून बघत होत्या, आणि दोघींनी त्याला इतक्या सूचना दिल्या की त्याने शेवटी पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "दोघींपैकी एक जोडा, मी बघतो." शेवटी टायरचं निघालं. नवे टायर दोन घ्यायचे होते, पण आदल्या दिवशी भाव पुन्हा सरकला होता, त्यामुळे एकच आला. तो मागे घातला. पुढे जुन्या सायकलचा, तीन ठिगळांचा.

ऊन कलायला लागल्यावर मालिता उठली. "चल, सोड मला घरी. बघू तरी चालते का."

ती मागच्या गादीवर बसली. केनासनने पायडल मारलं. सायकल जरा डुगडुगली, मग सरळ झाली, आणि वडाच्या वळणावरून दिसेनाशी झाली. तीच वाट. महिनाभर लिनेसी मनातल्या मनात त्याला ज्या वाटेने जाताना बघत होती तीच, आणि आता तिने स्वतःच कोंबडी देऊन मोकळी केलेली.

तिने भांडी घासली. मग घासलेलीच परत घासली. तियामिके म्हणाली, "आई, बाबा आत्याकडे राहणार आहेत?" तर तिच्या अंगावर ओरडली, आणि मग तिला जवळ घेऊन बसली. प्रार्थना करावी म्हणून डोळे मिटले, तर एक डोळा आपोआप उघडला. तिने तो तसाच राहू दिला. देवाला काही इतक्या वर्षांत ते माहीत नव्हतं असं नाही. पाण्याला उकळी आणली, पीठ घोटलं, न्सिमा ताटात थापली आणि ताट झाकून ठेवलं. झाकण उचलून बघितलं, अजून वाफ होती.

वाफ होती तोवरच तो आला. पायी, सायकल हाताने ढकलत, घामाघूम, तोंडाने पुटपुटत.

"चेन उतरते. दर चढाला उतरते. लॅमेकने सैल माल गळ्यात मारलाय. उद्या जाऊन बदलून घेतली पाहिजे, उद्या नाही गेलो तर परवा तो म्हणणार भाव वाढला. पाना कुठे ठेवलास?"

"आधी जेवा," लिनेसी म्हणाली.

"पाना दे आधी."

"जेवा म्हणते ना!"

त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि वंगणाने काळे झालेले हात घेऊन तो तिच्यापुढे उभा राहिला. ती त्याच्या हातांवर पाणी ओतायला लागली, आणि ओतता ओतता त्याच्या खांद्यावरून चेनकडे बघत म्हणाली, "उद्या मी पण येते. तुम्हाला घासाघीस करता येत नाही."